मन मोकळं करा, माइक बंद ठेवा

साथ आली आणि आमच्या विद्यापीठाला एकाएकी साक्षात्कार झाला, की विद्यार्थ्यांना मन असतं. तोवर त्याच्या लेखी विद्यार्थ्याला हजेरी असायची, फी असायची, फार तर एखादा राहिलेला विषय असायचा. आता मन निघालं म्हटल्यावर त्याचा बंदोबस्त करणं आलं. म्हणून 'मनोबल कक्ष' उघडण्यात आला. उघडण्यात आला म्हणजे त्याचं बोधचिन्ह काढण्यात आलं. दोन तळहात, मधे अंकुर, वर अर्धवट सूर्य. सगळ्या इमारती कुलपात होत्या, त्यामुळे कक्षाला खोली नव्हती; पण बोधचिन्ह इतकं रंगीत होतं की तिची उणीव कुणाला भासली नाही.

कक्षाच्या प्रमुख झाल्या व्यवस्थापन विभागाच्या एक मॅडम. आम्ही त्यांना मोरपीस म्हणायचो. समोरच्याचं घर पेटलेलं असलं तरी त्या त्याच्या गालावरून आवाजाचं मोरपीस फिरवणार. "बाळा, आपण आगीकडे कसं बघतो त्यावर असतं सगळं." असं काहीतरी. त्यांचा व्यवस्थापनाचा अभ्यास दांडगा होता. मनाशी त्यांचा आधी कधी संबंध आल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

मला कात्री म्हणतात. वडील शिंपी आहेत हे एक कारण, आणि माझी जीभ हे दुसरं. मी तेव्हा रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. प्रयोगशाळा बंद, म्हणून प्रॅक्टिकल मोबाइलवर चालायचं. सर एका हातात फोन धरायचे, दुसऱ्या हाताने ब्युरेटमधून थेंब सोडायचे, आणि फ्लास्कमधला रंग बदलायची वेळ आली की नेमकं चित्र गोठायचं. "बघितलंत? गुलाबी झालं!" सर सांगायचे. झालं असेल. आम्ही विश्वास ठेवायचो.

मॅडमनी कक्षासाठी प्रत्येक वर्गातून एकेक 'मनमित्र' निवडला. आमच्या वर्गातून मला घेतलं. तोंडाळ मुलगी बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेतलेली बरी, असा हिशेब असावा. दुपारभराचं प्रशिक्षण झालं आणि आम्ही मनाचे जाणकार झालो. फोन लावायचा आणि तीन वाक्यं म्हणायची. मी तुमचं ऐकत आहे. तुमच्या भावना रास्त आहेत. तुम्ही आज पुरेसं पाणी प्यायलात का? मी घरी ही वाक्यं घोकत होते तेव्हा बाबा बाजूला मशीनवर मास्क शिवत होते. लग्नाचे कपडे शिवणारा माणूस, पण त्या दिवसांत दुसरं काम नव्हतं. त्यांनी मशीन थांबवलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे मनाचं चाललंय की मुतखड्याचं?"

आई हसून हसून बेजार झाली. मीही हसले. मग मुकाट्याने फोन लावायला लागले.

माझ्या वाट्याला आलेल्यांत गोगलगाय होती. वसतिगृहातली माझी खोलीसोबतीण. सगळं सावकाश. जेवण सावकाश, चालणं सावकाश, आणि बोलताना दोन शब्दांच्या मधे तुम्ही हात धुऊन यावं इतकी सवड. पण प्रयोगशाळेत तिच्या हातून एक थेंब वाया जायचा नाही. वर्गात पहिली यायची आणि त्याचं तिला काही वाटायचं नाही. वडील लहानपणीच गेलेले. आई दूरच्या शहरात एका आजारी बाईच्या घरी राहून तिची शुश्रूषा करायची, म्हणजे आईलाच स्वतःचं घर नव्हतं. सुट्टीत सगळ्या मुली घरी पळायच्या, ही वसतिगृहातच असायची. तेच तिचं घर.

साथ आली तेव्हा त्या घराच्या दारावर कागद चिकटवला गेला. उद्या संध्याकाळपर्यंत खोल्या रिकाम्या करा. कुठे जाणार, हा प्रश्न कागदावर नव्हता. गोगलगाय शहराच्या दुसऱ्या टोकाला मामाकडे गेली.

सुरुवातीला ती फोनवर बोलायची. मग नुसतं "हं" म्हणायला लागली. मग फोन उचलणंच बंद झालं. लेक्चरला नाव दिसायचं, तेही दिसेनासं झालं. मी मोरपीस मॅडमना कळवलं. त्या म्हणाल्या, "तिला आपले श्वासाचे व्हिडिओ पाठव, बाळा." मी पाठवले. त्यात पांढऱ्या कपड्यांतली एक बाई समुद्राकडे तोंड करून श्वास घेते. घेते आणि सोडते. बाकी काही होत नाही.

शेवटी मी सायकल काढली. बाबांकडे मास्क पोचवण्याचा पास होता. पिशवीत गठ्ठा टाकला, की रस्त्यावर कुणी अडवत नसे. मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार मामीने उघडलं आणि मला दारातच थांबवलं.

"कुठली गं तू?"

"वसतिगृहातली मैत्रीण, मामी. ती आहे का?"

"आहे म्हणजे काय, जाणार कुठे?" मामीने मागे वळून बघितलं. "बघ बाई, तूच बघ."

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. आतल्या खोलीत मामा कानाला हेडफोन लावून कंपनीच्या मीटिंगमध्ये होता. मला बघून त्याने एक बोट वर केलं, म्हणजे थांबा किंवा गप्प बसा. बाहेरच्या खोलीत त्याच्या दोन मुलींची शाळा चालली होती, एकीची कविता आणि दुसरीचे पाढे, दोन्ही एकदम. कोपऱ्यात आजी रेडिओ लावून बसलेली. स्वयंपाकघरात कुकर. आणि कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत, अंथरुणाच्या वळकटीला टेकून, भिंतीकडे तोंड करून गोगलगाय.

केस विंचरलेले नव्हते. अंगावर वसतिगृहातलाच टी-शर्ट होता आणि तो बऱ्याच दिवसांचा असावा.

मी तिला जिन्यात घेऊन आले. पायरीवर बसलो. ती बोलेना, म्हणून मी कक्षाचं पहिलं वाक्य उच्चारलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटून गप्प झाले.

मग ती म्हणाली, "आधी मी बाथरूममध्ये बसायचे. लेक्चरला. बादली उलटी करून."

"बाथरूममध्ये?"

"कडी तिथेच आहे फक्त. पण मग सगळे दार वाजवतात. त्यांना जायचं असतं ना. त्यांचं... चुकत नाही. मग मी लेक्चरच सोडलं. मग वाचायचं सोडलं. आता एक ओळ वाचते आणि शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते."

"झोप?"

"झोप येत नाही. आणि येते तेव्हा वाटतं, उठूच नये. कधीच."

तिने हे ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजात लोक 'आज पाणी आलं नाही' असं सांगतात. मला वाटलं, आता आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे; इथे कुणीतरी जाणता माणूस हवा. कक्षाची हेल्पलाइन होती. चोवीस तास, तज्ज्ञ मार्गदर्शन, असं बोधचिन्हाखाली छापलं होतं. माझ्या फोनची बॅटरी संपत आलेली, म्हणून मी तिच्या फोनवरून नंबर लावला.

माझ्या पिशवीतला फोन वाजला.

हेल्पलाइन मनमित्रांच्याच फोनवर वळवलेली असायची, आळीपाळीने, आणि तेही आम्हाला न सांगता. त्या दुपारी पाळी माझी होती. मास्कच्या गठ्ठ्याखाली तज्ज्ञ मार्गदर्शन वाजत होतं आणि आम्ही दोघी पायरीवर बसून ते ऐकत होतो. गोगलगाय माझ्याकडे बघत म्हणाली, "उचल ना." आणि तिच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला. हसू म्हणता येणार नाही त्याला. पण मी तेवढ्याला धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला सायकलवर मागे बसवून सरकारी दवाखान्यात नेलं. मनाच्या डॉक्टर म्हणजे एक थकलेल्या बाई होत्या, मास्कच्या दोऱ्यांनी कानांमागे वळ उठलेले. त्यांनी मोरपीस वगैरे काही फिरवलं नाही. सरळ विचारलं, झोप किती, भूक किती, जीव द्यावासा वाटतो का, वाटला तर कुणाला सांगशील. गोगलगायीने सावकाश उत्तरं दिली. डॉक्टर बाईंनी मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. बाहेर रांग होती तरी.

"हा आजार आहे," त्या म्हणाल्या. "तुझा आळशीपणा नाही. औषध देते. गुण यायला वेळ लागेल, आणि लागला तर घाबरू नको. दर आठवड्याला मला दिसायचं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पण बादलीवर बसून कुणी बरं होत नाही. हिच्यासाठी खोली बघा."

खोली बघायची कशाला? खोली होती. वसतिगृहातली आमची खोली रिकामी होती, शेजारची रिकामी होती, सगळा मजला, सगळी इमारतच रिकामी. पहारेकरी रोज फिरून रिकाम्या खोल्यांची राखण करत होता. आत न राहणाऱ्यांना संसर्ग होऊ नये म्हणून असेल.

मी मोरपीस मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं. बादलीसकट.

"फार भावलं मला," त्या म्हणाल्या.

"मॅडम, डॉक्टरांचं पत्र आहे. वसतिगृहाची एक खोली उघडून द्या."

"अगं, वसतिगृह माझ्या कक्षेत येत नाही. माझ्या कक्षात मन येतं."

"मग मन कुठे ठेवायचं तिने?"

त्या हसल्या. अगदी प्रेमाने. "हाच स्पिरिट मला आवडतो तुझा. ऐक, शनिवारी आपला वेबिनार आहे. 'खंबीर मन, उज्ज्वल उद्या'. कुलगुरू स्वतः येणार आहेत. मला एक विद्यार्थिनी हवीच होती, जी अडचणींवर मात करून उभी राहिली. तिला चार मिनिटं बोलायला सांग. बोललं की मन मोकळं होतं."

"ती उभी राहिलेली नाही, मॅडम. ती बसलीय."

"शब्दांत अडकू नकोस, बाळा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नाही म्हणून फोन ठेवला आणि गोगलगायीला चिडून सगळं सांगितलं. तिलाही राग यावा, एवढीच माझी इच्छा. तिला राग आला नाही. ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "कुलगुरू ऐकणार आहेत?"

"म्हणे."

"मग मी बोलते."

"वेडी आहेस का? काय बोलशील?"

"आहे ते."

शनिवारी मी आमच्या घरी कापडाच्या ताग्यांमधे लॅपटॉप मांडून बसले. मॅडमना स्लाइड पुढे सरकवता येत नसे, म्हणून सहयजमानाचे अधिकार मला दिले होते. पडद्यावर सगळ्यात वरच्या चौकोनात कुलगुरूंचा फोटो. फोटोच, कॅमेरा बंद. मॅडम प्रत्येक वाक्यानंतर त्या फोटोकडे बघून मान लववत होत्या. खाली आम्ही, काळ्या चौकोनांतली शेकडो नावं. हजेरी लागणार होती ना.

मॅडमचं भाषण झालं. बांबूचं उदाहरण झालं, तो वाकतो पण मोडत नाही. रबराचं उदाहरण झालं, ते ताणलं जातं पण तुटत नाही. आम्ही रसायनशास्त्रवाले, रबर तुटतं, कधी तुटतं तेही आम्हाला परीक्षेला होतं. मग त्या म्हणाल्या, "आता आपल्याशी एक खंबीर कन्या बोलणार आहे."

गोगलगायीने कॅमेरा सुरू केला. मागे पांढऱ्या टाइल्स, एक नळ आणि दांडीवर वाळत घातलेला टॉवेल. तिने केस विंचरले होते. वेणी घातली होती.

"मला सांगितलंय," ती सुरू झाली, "की मी खंबीर कशी झाले ते सांगायचं." मधे भला मोठा खंड. मॅडम प्रोत्साहनपर हसत राहिल्या. "मी झालेले नाही. मी बाथरूममध्ये बसलेय. घरात माणसं जास्त आहेत. त्यांचा दोष नाही. मी आजारी पडले. डॉक्टरांकडे गेले. औषध घेते. जगावंसं वाटत नव्हतं... आता अधूनमधून वाटतं. तुमचे व्हिडिओ मी बघितले. ती बाई समुद्राकडे बघते. माझ्यासमोर भिंत आहे. वसतिगृहात माझी खोली..."

तेवढ्यात तिच्या दारावर थाप पडली. मामीचा आवाज शेकडो घरांत पोचला. "अगं निघ की बाहेर! किती वेळ?"

आणि आवाज बंद झाला. तिचे ओठ हलत होते, पण मॅडमनी तिचा माइक बंद केला होता. स्लाइड सरकवता येत नव्हती, हे मात्र बरोबर जमलं.

"किती सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "थोडा नेटवर्कचा प्रश्न दिसतोय, पण तिची जिद्द आपल्यापर्यंत पोचली."

मी गोगलगायीला माइक सुरू करायची सूचना पाठवली. तिने सुरू केला. "...खोली आहे. तिला कुलूप..." मॅडमनी बंद केला. मी पुन्हा सूचना पाठवली. "...उघडून द्या, म्हणजे मी..." बंद. बाबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "त्या बाईचं बटण नाही का तुझ्याकडे?"

होतं. मी मोरपीस मॅडमचा माइक बंद केला आणि गोगलगायीला पुन्हा सूचना पाठवली.

त्यांना कळलंच नाही. त्या बोलत राहिल्या, हात हलवत, मान लववत, हसत. एक शब्द ऐकू येत नव्हता आणि काही बिघडतही नव्हतं. गोगलगायीने तिचं म्हणणं पूर्ण केलं, तिच्या चालीने. "खोली उघडून द्या. माझी एकटीची नाही. ज्यांना हवी त्यांची. व्हिडिओ नकोत. झालं."

मग लिहायच्या चौकटीत एकेक ओळ उमटायला लागली. मी वडिलांच्या बंद दुकानाच्या माळ्यावर बसतो. मी गच्चीवर टाकीच्या सावलीत. मी काकाच्या टेम्पोत, पुढच्या सीटवर. आमच्याकडे पाच जणांत एक फोन आहे, तो आत्ता माझ्याकडे आहे म्हणून लिहितेय. मलाही झोप येत नाही. मलाही. मलाही. इतक्या भरभर ओळी सरकत होत्या की वाचता येईना. आई मागून म्हणाली, "अरे देवा, ही सगळी पोरं कुठे कुठे बसलीत!"

मॅडमच्या आता लक्षात आलं होतं. त्यांनी आवाज परत मिळवला आणि तो मोरपिशी राहिला नव्हता. "शिस्त! कृपया शिस्त! आपल्यात माननीय कुलगुरू आहेत. सर, आपण दोन शब्द बोलावेत."

फोटो काही बोलला नाही.

"सर?"

खूप वेळाने फोटोतून एका बाईचा, स्वीय सहायिकेचा असावा, घाईतला आवाज आला. "मॅडम, सर दुसऱ्या मीटिंगला आहेत. मी नुसतं लॉगिन करून ठेवलंय."

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील.

कुणीतरी ते सगळं मोबाइलवर टिपलं होतं. संध्याकाळपर्यंत ते शहरभर फिरलं. मग एका वर्तमानपत्राने कुलगुरूंना विचारलं, आणि जे डॉक्टरांच्या पत्राने झालं नव्हतं ते वर्तमानपत्राच्या फोनने झालं. 'घरी अभ्यासाची सोय नसलेल्या' विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहाचे दोन मजले उघडले. एका खोलीत एकजण, जेवण दाराबाहेर, बाहेर जाणं फक्त दवाखान्यासाठी. तुरुंगाचे नियम होते, पण मुलं आनंदाने रांगेत उभी राहिली.

मॅडमनी मला फोन केला. "तू माझा विश्वास तोडलास, बाळा."

"मॅडम, तुमच्या भावना रास्त आहेत," मी म्हणाले. "पुरेसं पाणी प्यायलात का?"

मनमित्र म्हणून माझं नाव काढलं. वर शिस्तभंगाची नोटीस आली, ती पुढे कुठल्या तरी टेबलावर विरघळून गेली. विभागप्रमुखांनी माझ्या शिफारसपत्रात 'स्पष्टवक्ती' असा शब्द घातला, आणि त्यामुळे मला दोन ठिकाणी मुलाखतीलाही बोलावलं नाही. मोरपीस मॅडमचं मात्र भलं झालं. 'संकटकाळात वसतिगृह: एक विद्यार्थीकेंद्री प्रयोग' या विषयावर त्या बाकीच्या विद्यापीठांना व्याख्यानं द्यायला लागल्या. पुढे बढतीही मिळाली. त्यांच्या व्याख्यानात एक अनाम खंबीर कन्या असते, असं ऐकते.

ती कन्या वसतिगृहात आली त्या दिवशी मामी तिला सोडायला आली होती. फाटकाबाहेर रिक्षात बसून रडत होती. "मी वाईट नाही गं," एवढंच सारखं माझ्याशी बोलत होती, जसं काही मी न्यायाधीश आहे. गोगलगायीने तिला पाण्याची बाटली दिली आणि आत गेली.

आणि मग, छान झाली? नाही झाली. पहिला महिना ती बहुतेक झोपूनच होती. औषध बदलावं लागलं. परीक्षा आली तेव्हा तिने दोन पेपर दिले आणि तिसऱ्याच्या सकाळी मला फोन करून म्हणाली, "मी आज जात नाही." मी तोंड उघडणार होते, पण उघडलं नाही. वर्गात पहिली येणारी मुलगी एक वर्ष मागे राहिली. तिच्या आईने फोनवर विचारलं, "वर्ष वाया गेलं ना गं?" ती म्हणाली, "वर्षच गेलं, आई. मी आहे."

आता ती शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नमुने तपासते. भाड्याची खोली आहे. डॉक्टर बाईंकडे अजून जाते, काही महिने बरे जातात, काही अजिबात नाही. मागच्या महिन्यात तसाच एक वाईट आठवडा आला, तेव्हा तिने साहेबांना खरं कारण सांगून सुट्टी मागितली. साहेबांनी सुट्टी दिली. शिवाय केंद्रातर्फे तिला एक ॲप पाठवलं. ते दर तासाला मोबाइलवर एक फुलपाखरू उडवतं आणि विचारतं, 'आज तुम्ही स्वतःवर प्रेम केलंत का?'

तिने मला ते चहाच्या दुकानात दाखवलं. फुलपाखरू नेमकं तेव्हाच उडालं. आम्ही इतक्या हसलो, की दुकानदाराने उकळता चहा तसाच सोडून आमच्याकडे बघितलं. मग तिने ते ॲप काढून टाकलं आणि म्हणाली, "चल, मला साडेचारला डॉक्टरांकडे पोचायचंय. येतेस?"

"चल," मी म्हणाले.